सेनापतींची थोरवी आणि युद्धाचा जमाखर्च

लंडनमधील राष्ट्रीय लष्करी संग्रहालयाने २०११ साली एक मतदान घेतले. ब्रिटनचा आजवरचा सर्वश्रेष्ठ सेनापती कोण, हा त्याचा विषय होता. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर चौदाव्या सेनेचे नेतृत्व करणारा विल्यम स्लिम यांना त्यात बरोबरीचा मान मिळाला. अल् अलमीनच्या विजयामुळे घरोघरी ठाऊक झालेल्या माँटगोमेरीला तो मिळाला नाही. दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, ब्रिटनची सर्वश्रेष्ठ लढाई कोणती, या प्रश्नाचे उत्तर त्याच संग्रहालयातील मतदारांनी इंफाळ-कोहिमा असे दिले. नॉर्मंडी आणि वॉटर्लू मागे पडले. जी सेना स्वतःला 'विसरलेली सेना' म्हणवून घेत असे, तिला सुमारे सात दशकांनी मिळालेला हा न्याय म्हणावयाचा. वेलिंग्टन आणि स्लिम या जोडीत भारतीय वाचकाला आणखी एक साम्य दिसेल. वेलिंग्टनने आपला पहिला मोठा विजय २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांविरुद्ध मिळविला, तो प्रामुख्याने कंपनीच्या देशी शिपायांच्या बळावर. स्लिमच्या सेनेतही बहुसंख्य सैनिक भारतीयच होते.

दुसऱ्या महायुद्धातील सर्वश्रेष्ठ सेनापती कोण, हा वाद युद्ध संपल्यापासून चालू आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह नाही. रोमेल, माँटगोमेरी, झुकॉव्ह, मॅनस्टाइन, आयसेनहॉवर, पॅटन, मॅकआर्थर ही नावे पुनःपुन्हा पुढे येतात. वाद घालणारे बहुधा नकाशावरील बाण पाहतात. कोणी कोणाच्या बगलेवर घाव घातला, कोणी कोणाला वेढले, याची चर्चा रंगते. पण ते बाण पुढे सरकण्यासाठी किती टन पेट्रोल लागले, ते कोणत्या बंदरात उतरले, सैनिकाने काय खाल्ले, तापाने किती जण पडले, याची चौकशी क्वचितच होते. वस्तुतः खुद्द वेव्हेल याने १९३९ साली केंब्रिज येथे सेनापतित्वावर दिलेल्या व्याख्यानांत बजावले होते, की भूगोल, हालचाल आणि रसद यांचे ज्ञान हाच सेनापतीच्या विद्येचा खरा पाया होय. डावपेचांची बाब त्यामानाने सोपी. असईचा विजेता हे जाणून होता. त्याच्या त्या काळातील पत्रव्यवहारात तोफांइतकीच चिंता बैलांची आढळते.

हा विचार मान्य केला, तर तुलनेची कसोटीच बदलते. १९४४ या एका वर्षात अमेरिकेने सुमारे ९६,००० विमाने बांधली. जर्मनीने सुमारे ४०,००० आणि जपानने सुमारे २८,०००. उत्पादनात एवढी तफावत असताना विजयी पक्षाच्या सेनापतीच्या नावे जमा होणाऱ्या यशातील मोठा वाटा डेट्रॉइटच्या कारखान्यांचा असतो, हे उघड आहे. तद्वतच पराभूत पक्षाच्या सेनापतीला केवळ पराभवामुळे कमी लेखणेही न्यायाचे नाही. शेतकऱ्याचे कसब जोखताना त्याची जमीन बागायती की कोरडवाहू, हे आधी विचारावे लागते. सेनापतीच्या हाती काय होते, त्यातून त्याने काय साधले आणि त्यासाठी किती मोल मोजले, असे हे तीन प्रश्न आहेत. त्यांतील तिसऱ्याच्या उत्तराशी बहुतेक चरित्रकार घाई करतात.

रोमेलचेच उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी १९४१ मध्ये तो त्रिपोलीस उतरला आणि तेथून त्याने जे केले, त्याने शत्रूचे डोळेही दिपले. परंतु त्रिपोलीपासून अल् अलमीनपर्यंतचे अंतर दोन हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्या वाटेवर सलग रेल्वे नव्हती. आघाडीला पेट्रोल पोहोचविणारे ट्रक त्यातले बरेचसे पेट्रोल वाटेतच जाळीत. माल्टा बेटावरून होणाऱ्या हल्ल्यांमुळे इटलीची जहाजे बुडत होती, हे खरे; पण इस्रायली इतिहासकार मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्ड याने १९७७ साली दाखवून दिले, की रोमेलची खरी अडचण समुद्रावर नसून बंदरांच्या मर्यादित क्षमतेत आणि वाळवंटातील त्या लांबलचक रस्त्यात होती. २१ जून १९४२ रोजी टोब्रुक पडले. तेथे थांबून आधी माल्टा घ्यावयाचा, असे ठरलेले होते. रोमेलने हिटलरचा आशीर्वाद मिळवून इजिप्तकडे धाव घेतली आणि चार महिन्यांनी त्याच्या रणगाड्यांना माघारीपुरतेही पुरेसे पेट्रोल उरले नाही. रसदवाल्यांनी दगा दिला, ही त्याची तक्रार पुढे त्याच्या चाहत्यांनी उचलून धरली. पण ज्याला आपल्या पिशवीतील पैसे मोजता येत नाहीत, त्या व्यापाऱ्याने सावकाराला दोष देण्यासारखेच हे आहे. रोमेल हा पलटणींचा अद्वितीय नायक होता. सेनापती म्हणून मात्र तो आपल्या साधनांच्या पलीकडे जगला.

मॅनस्टाइनची कीर्ती युद्धानंतरच्या आत्मचरित्राने वाढविली. १९४० साली फ्रान्सवर आर्देनच्या जंगलातून घाला घालण्याची कल्पना त्याची, याविषयी वाद नाही. पण त्याच मॅनस्टाइनने २० नोव्हेंबर १९४१ रोजी काढलेल्या आदेशात ज्यूंना आणि बोल्शेव्हिकांना कठोर प्रायश्चित्त देण्याची भाषा आहे, आणि १९४९ साली ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यांबद्दल १८ वर्षांची शिक्षा दिली. आत्मचरित्रात या गोष्टींना स्थान नाही. त्याला श्रेष्ठत्वाच्या यादीत बसविणारे लोक त्या वेळी कोणता कागद दडवून ठेवतात, हे लक्षात घ्यावयास हवे.

झुकॉव्हचे प्रकरण अधिक गंभीर आहे. हिटलरच्या सैन्याचा कणा पूर्व आघाडीवर मोडला, हे आता कोणी नाकारीत नाही, आणि मॉस्कोपासून बर्लिनपर्यंतच्या त्या प्रवासात झुकॉव्हचे नाव सतत भेटते. परिणामाच्या तराजूत त्याच्याएवढे वजन दुसऱ्या कोणाचेही भरणार नाही. पण स्टालिनग्राडचा वेढा पडत असतानाच, नोव्हेंबर-डिसेंबर १९४२ मध्ये, र्झेव्हजवळ त्याच्या देखरेखीखाली झालेले आक्रमण फसले आणि त्याचे मोल लाखोंच्या हताहतांत मोजावे लागले. सोव्हिएत इतिहासाने ते प्रकरण दीर्घकाळ झाकून ठेवले. बर्लिनच्या अखेरच्या मोहिमेत, शत्रू मरणपंथास लागला असताना, सुमारे ८१,००० सोव्हिएत आणि पोलिश सैनिक मेले. स्टालिनला घाई होती, आणि झुकॉव्हला कोनेव्हच्या आधी बर्लिन गाठावयाचे होते. माणूस हे ज्याच्या हातातील सर्वांत स्वस्त साधन असते, तो सेनापती ते साधन सढळ हाताने वापरतो. यात झुकॉव्हचा दोष किती आणि ज्या राजवटीने ते साधन स्वस्त केले तिचा किती, याची विभागणी करणे सोपे नाही. आयसेनहॉवर आणि मार्शल यांची तऱ्हा याच्या उलट होती. १९३९ साली दोन लाखही नसलेले अमेरिकन सैन्य मार्शलने ८० लाखांवर नेले. हे कार्य अपूर्व खरे, पण ते कार्यवाहाचे, रणांगणातील सेनापतीचे नव्हे.

आता स्लिम. लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा पहिल्या महायुद्धापूर्वी प्राथमिक शाळेत मास्तर होता, नंतर एका कंपनीत कारकून. युद्धामुळे तो अधिकारी झाला, पुढे गुरखा पलटणीत आला, आणि पगार पुरेना म्हणून टोपणनावाने मासिकांत गोष्टी लिहू लागला. तुटपुंज्या मिळकतीत संसार करणाऱ्या माणसाची काटकसरी बुद्धी त्याच्या सेनापतित्वात शेवटपर्यंत दिसते. मार्च १९४२ मध्ये त्याच्या हाती ब्रह्मदेशातील मोडकळीला आलेले सैन्य आले, ते घेऊन सुमारे ९०० मैलांची माघार करीत तो मे महिन्यात इंफाळला पोहोचला. विजयाने नव्हे, तर पराभवाने ज्याचे शिक्षण झाले, असा हा माणूस.

१९४३ च्या ऑक्टोबरात तो पूर्वेकडील सैन्याचा प्रमुख झाला. त्यातूनच चौदावी सेना उभी राहिली. त्या वेळी महायुद्धाच्या पंक्तीत या आघाडीचे पान सर्वांत शेवटी वाढले जात असे. विमाने, जहाजे, पॅराशूट, औषधे, सारे आधी युरोपला. कलकत्त्याहून निघालेला माल काही अंतर ब्रॉडगेजने जाई, मग मीटरगेजच्या डब्यांत चढविला जाई. ब्रह्मपुत्रेवर पूल नसल्याने डबे तराफ्यांवरून पलीकडे न्यावे लागत. युद्धाच्या आरंभी चहाच्या मळ्यांसाठी बांधलेल्या या मार्गाची क्षमता दिवसाला जेमतेम ६०० टन होती; अमेरिकन रेल्वे तुकड्यांच्या मदतीने ती १९४४ च्या अखेरीस ४,४०० टनांवर गेली. आणि शत्रूपेक्षा मोठा शत्रू हिवताप होता. १९४३ साली जखमी होऊन एक सैनिक रुग्णालयात दाखल होई, तेव्हा आजारी पडून १२० सैनिक दाखल होत. हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यबळाच्या ८४ टक्के होते. या हिशेबाने काही महिन्यांत सेनाच उरली नसती.

स्लिमने पहिली लढाई या आकड्यांशी केली. रोग्याला शेकडो मैल मागे भारतात पाठविण्याऐवजी आघाडीलगत उपचारकेंद्रे उघडली. त्यामुळे महिनोन्महिने गैरहजर राहणारा शिपाई तीन आठवड्यांत पलटणीत परतू लागला. मेपाक्रीनच्या गोळ्या प्रत्येकाने घेतल्या की नाही, हे रक्त तपासून पाहण्याचा त्याने नियम केला आणि प्रमाण ९५ टक्क्यांखाली आढळले की त्या पलटणीच्या प्रमुखाला घरी पाठविले. असे तिघेच पाठवावे लागले. बाकीच्यांना अर्थ कळला. पॅराशूटसाठी रेशीम मिळेना, तेव्हा त्याने कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडे माणसे धाडली. तागाचे पॅराशूट तयार झाले. त्याला पौंडाच्या आसपास खर्च येई, तर नेहमीच्या पॅराशूटला वीस पौंडांहून अधिक. डांबरात बुडविलेले गोणपाट अंथरून पावसाळ्यातही टिकणारे रस्ते केले. चिंदविन नदीकाठी कलेवा येथे जंगलातील सागवान तोडून शेकडो होड्या बांधल्या, आणि दोन छोट्या युद्धनौकाही. त्यांना परस्पर नावे दिल्याबद्दल आरमाराची नाराजी ओढवून घेतली. आघाडीवरील तुकडीला अर्धा शिधा मिळू लागला की सेनेच्या मुख्यालयालाही अर्धा शिधा, हा नियम त्याने स्वतःपासून लागू केला. या गोष्टी नकाशावर उमटत नाहीत. पण इंफाळचा निकाल त्यांनीच घडविला.

कारण इंफाळ ही मुळात दोन कोठारांमधली लढाई होती. जपानच्या पंधराव्या सेनेचा प्रमुख मुतागुची याने तीन आठवड्यांच्या शिध्यावर तीन डिव्हिजन डोंगरांतून लोटल्या. ब्रिटिशांची कोठारे हाती लागतील आणि पुढचे भागेल, असा त्याचा हिशेब. स्लिमने पुढे जाऊन गाठण्याऐवजी आपल्या डिव्हिजन मागे इंफाळच्या मैदानात ओढून घेण्याचे ठरविले. शत्रूची पुरवठ्याची रेषा लांबत जावी, आपली आखूड व्हावी, आणि मग पावसाळा यावा. यात त्याची चूक झाली नाही असे नाही. माघारीचा हुकूम उशिरा निघाला, आणि कोहिमावर एवढे बळ इतक्या लवकर येईल हे त्याने ओळखले नव्हते. आपल्या १९५६ च्या ग्रंथात त्याने हे दोन्ही दोष आडपडदा न ठेवता कबूल केले आहेत. ती चूक सावरली गेली, ती संगशाकसारख्या ठिकाणी. तेथे मार्च १९४४ मध्ये पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने आणि तिच्या जोडीच्या चौथ्या मराठा पलटणीने पाण्याच्या दुर्भिक्षात चार-पाच दिवस शत्रूला रोखून धरले. तेवढ्या अवधीत पाचवी भारतीय डिव्हिजन अराकानच्या आघाडीवरून विमानांनी इंफाळला आणली गेली. जुलैपर्यंत मुतागुचीच्या सुमारे ८५,००० सैनिकांपैकी ३०,००० च्या आसपास मरण पावले होते, त्यांतले पुष्कळसे भुकेने आणि रोगाने. स्लिमकडील हताहतांची संख्या सुमारे १७,००० होती.

पुढील वर्षी त्याने इरावतीच्या काठी जे केले, ते तर कोणत्याही युद्धशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावे. संपूर्ण कोअर मंडालेसमोरच आहे असे भासविण्यासाठी खोटे बिनतारी मुख्यालय चालू ठेवले, ती कोअर दक्षिणेकडे जंगलातून नेली, फेब्रुवारी १९४५ मध्ये नदी ओलांडली आणि मार्चच्या आरंभी मेक्टिला, म्हणजे जपानी रसदीची गाठ, हस्तगत केली. मोहिमेच्या ऐन आरंभी, १० डिसेंबर १९४४ रोजी, त्याची ७५ डाकोटा विमाने चीनकडे काढून घेण्यात आली होती. त्याने ओरड केली, आणि मग उरलेल्या विमानांचे गणित नव्याने मांडले. ३ मे १९४५ रोजी रंगून मुक्त झाले.

यावर आक्षेप असा घेतला जातो, की ब्रह्मदेश ही दुय्यम आघाडी होती. रंगून घेतले नसते तरी ऑगस्टमध्ये जपान शरण येणारच होता. शिवाय आकाशात दोस्तांचे वर्चस्व होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सेनापतीला आघाडी निवडता येत नाही, आणि विमाने असूनही त्यांचा उपयोग न कळलेले सेनापती त्या युद्धात पुष्कळ होऊन गेले. थोड्या साधनांत, मोजक्या मनुष्यहानीत आणि पराभूत सैन्यातून उभे केलेले यश, ही कसोटी लावली तर स्लिमच्या पंगतीला बसेल असा दुसरा सेनापती त्या युद्धात दाखविणे कठीण आहे.

तथापि हा निवाडा देऊन भारतीय वाचकाला वही मिटता येत नाही. इंफाळच्या मैदानात भारतीय दोन्ही बाजूंना होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मोइरांग येथे आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकविला. सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले त्या सेनेचे वरिष्ठ अधिकारी होते. उलट बाजूस, अराकानमध्ये कांगाव येथे जानेवारी १९४५ मध्ये थिमय्या, सेन आणि कोल्हापूरकडील शंकरराव थोरात हे आपापल्या पलटणींचे नेतृत्व करीत होते. स्लिमने आपल्या ग्रंथात नेताजींच्या सैनिकांची संभावना उपेक्षेने केली आहे. लढाऊ शक्ती म्हणून त्याचे मत काही असो, आपल्याच हाताखालच्या शिपायाच्या मनात त्या सेनेविषयी काय चालले आहे, हे त्या जाणत्या सेनापतीलाही पुरते उमगले नाही. ते १९४५ च्या हिवाळ्यात लाल किल्ल्यातील खटल्याच्या वेळी उघड झाले.

आणि खर्चाची बाजू याहून मोठी आहे. १९४२ साली, जपानी उतरले तर त्यांच्या हाती काही लागू नये म्हणून, सरकारने बंगालच्या किनारी भागातून तांदूळ उचलला आणि हजारो होड्या जप्त केल्या वा मोडल्या. नदीच्या देशात होडी म्हणजे बैलगाडी, बाजार आणि मासेमारी एकाच वेळी. युद्धखर्चाचा ब्रिटनच्या वाट्याचा भाग लंडनमध्ये पौंडांच्या हुंडीने भरला जाई आणि येथे त्याच्या आधारावर नोटा छापल्या जात. युद्धकाळात चलनातील नोटा सुमारे सहापट झाल्या. बंगाल तर आघाडीचे कोठार. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की १९४३ चा दुष्काळ केवळ पिकाच्या तुटीचा नव्हता. युद्धाच्या पैशाने भाव भडकले आणि ज्यांची मजुरी त्या वेगाने वाढली नाही, त्यांच्या हातून तांदूळ निसटला. सरकारी चौकशी आयोगाने बळींची संख्या १५ लाख धरली. सेन यांच्या हिशेबाने ती ३० लाखांच्या आसपास जाते. कलकत्त्याच्या गिरण्यांतील आणि कारखान्यांतील कामगारांना स्वस्त तांदूळ पुरविण्याची सोय मालकांनी व सरकारने आधीच केलेली होती, कारण युद्धाचे उत्पादन थांबून चालणार नव्हते. म्हणजे गोणपाट विणणारा जगला, आणि ज्या खेड्यांतून त्या गिरण्यांना ताग येई तेथला भूमिहीन मजूर त्याच शहराच्या फुटपाथवर येऊन मेला. पौंडात पडणाऱ्या पॅराशूटच्या किमतीत ही रक्कम धरलेली नाही.

याचा दोष स्लिमच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ते धोरण दिल्लीत आणि लंडनमध्ये ठरत होते. उलट ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉय होताच कलकत्त्यास जाऊन लष्कराला धान्यवाटपास लावणारा वेव्हेल हाही सेनापतीच होता, आणि लंडनकडे धान्याच्या जहाजांसाठी त्याने केलेल्या मागण्या वारंवार फेटाळल्या गेल्या. वाळवंटातल्या त्याच्या लढाया विस्मृतीत जातील, पण हे काम जाऊ नये.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटन भारताचे सुमारे १,७०० कोटी रुपये देणे लागत होते. भारताचे रक्षण ब्रिटनने केले, तेव्हा उलट मागणी मांडून ही रक्कम कमी करावी, असे चर्चिलचे म्हणणे होते. ते टिकले नाही. परंतु स्टर्लिंगचे हे येणे गोठविले गेले आणि हप्त्याहप्त्याने मोकळे झाले. जुलै १९४८ च्या करारात त्यातूनच १० कोटी पौंड वळते करण्यात आले, ते ब्रिटिशांनी भारतात मागे ठेवलेल्या लष्करी सामानाची आणि बांधकामांची किंमत म्हणून.